जहाज हललं तरी ओझं हलू नये म्हणून

भर समुद्रात एक जहाज उभं आहे. त्याच्या क्रेनला ७३ टनांचं यंत्र टांगलेलं आहे आणि ते समुद्राच्या तळावर आधीच रोवलेल्या चौकटीत अलगद बसवायचं आहे. वरून पाणी तसं शांत दिसतं, पण क्रेनचं टोक दर ९ सेकंदांनी एकदा वर जाऊन खाली येतं, आणि वरच्या ते खालच्या टोकापर्यंतचं अंतर भरतं १.८ मीटर. टोक हललं की दोर हलतो, दोर हलला की यंत्र हलतं. चौकटीच्या हातभर वर आलेलं यंत्र पुढच्या काही सेकंदांत तिच्यावर आदळतं. क्रेन चालवणारा कितीही कसलेला असला तरी एवढं वजन लाटेच्या तालावर हातानं सावरणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

म्हणून क्रेन आणि ओझं यांच्या मधे एक यंत्रणा घालतात. जहाज १० सेंटिमीटर वर गेलं, की तिनं दोर १० सेंटिमीटर सैल सोडायचा. जहाज खाली आलं, की तेवढाच ओढून घ्यायचा. जहाजाच्या वर-खाली हालचालीला ‘हीव्ह’ म्हणतात, त्यावरून या यंत्रणेला ‘हीव्ह कॉम्पेन्सेटर’. हे काम बहुतेक वेळा तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरकडून किंवा दोर गुंडाळणाऱ्या विंचकडून करून घेतात, कारण इतक्या कमी जागेत एवढी ताकद देणारं दुसरं साधन सहसा सापडत नाही.

कल्पना एका वाक्यात मावते. अडचण आहे ती वेळेची, आणि प्रयोगशाळेत चाचणीसाठी रिग, म्हणजे यंत्रणेची छोटी मांडणी, बांधायची ती मुख्यतः ही वेळ पकडायला.

घड्याळाचे सारख्या लांबीचे दोन काटे डोळ्यांपुढे आणा. एक काटा म्हणजे जहाजाची हालचाल, दुसरा म्हणजे यंत्रणेनं केलेली भरपाई. दोन्ही एकाच वेगानं फिरताहेत आणि अगदी एकावर एक आहेत, तर त्यांच्या टोकांमधलं अंतर शून्य. म्हणजे ओझं जागच्या जागी. आता भरपाईचा काटा जरासा मागे पडू द्या. दोन टोकांमधे जे अंतर पडेल, तेवढं ओझं हलणार. एक काटा १२ वर आणि दुसरा २ वर असेल तर मधला कोन ६० अंशांचा होतो, आणि दोन टोकं व मध्यबिंदू मिळून समभुज त्रिकोण बनतो. म्हणजे टोकांमधलं अंतर काट्याच्या लांबीएवढंच! यंत्रणा पूर्ण ताकदीनं राबते आहे, पंप गरम होतो आहे, आणि ओझं मात्र यंत्रणा नसताना जेवढं हललं असतं तेवढंच हलतं आहे. कोन ६० अंशांच्या पुढे गेला तर त्याहूनही जास्त. वरातीमागून घोडं आलं तर इथे ते नुसतं निरुपयोगी ठरत नाही, नुकसान करतं.

आकड्यांत बघू. भरपाई फक्त ०.१ सेकंद उशिरा होते असं धरा. एक पूर्ण लाट म्हणजे काट्याचा ३६० अंशांचा एक फेरा, म्हणून ९ सेकंदांच्या लाटेत ०.१ सेकंद म्हणजे ४ अंश. त्यामुळे मूळ हालचालीच्या ७ टक्के हालचाल शिल्लक राहते. १.८ मीटरचे ७ टक्के म्हणजे साधारण १२–१३ सेंटिमीटर. डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढासा वेळ, आणि ७३ टनांचं ओझं अजून अर्ध्या वितीहून जास्त खाली-वर होतंय. हा उशीर एकाच ठिकाणी झालेला नसतो. थोडा सेन्सरमध्ये, थोडा गणितात, थोडा व्हॉल्व्हमध्ये, थोडा तेलात आणि थोडा दोराच्या ताणात, असा तो विखुरलेला असतो. समुद्रावर यातलं काहीच वेगळं काढून बघता येत नाही, कारण तिथली लाट पुन्हा तशीच येत नाही. प्रयोगशाळेत तीच लाट हव्या तितक्या वेळा परत आणता येते.

मग मोठी यंत्रणा छोटी कशी करायची? इथे विल्यम फ्रूड या इंग्लिश अभियंत्याचा नियम उपयोगी पडतो. १८७० च्या दशकात त्यानं टॉर्की इथे पाण्याची लांब टाकी बांधून जहाजांच्या छोट्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. लाट आणि गुरुत्वाकर्षणाचा खेळ जिथे असतो तिथे लांबी जितक्या पटीनं लहान कराल, त्या पटीच्या वर्गमुळाएवढा वेळ लहान होतो आणि वजन घनाच्या हिशेबानं. आपण १ ला ९ असं प्रमाण घेऊ. १.८ मीटरची हालचाल २० सेंटिमीटर होते. ९ सेकंदांची लाट ३ सेकंदांची होते. आणि ९ चा घन ७२९, म्हणून ७३ टनांचं ओझं १०० किलोवर येतं. सुरुवातीला ७३ हा चमत्कारिक आकडा घेतला होता तो यासाठीच. १०० किलोचं ओझं खोलीत टांगता येतं, लोखंडी वजनं रचून सहज बनवता येतं.

पण फ्रूडचा नियम सगळ्यांना लागू नाही. व्हॉल्व्हला उघडायला लागणारा वेळ खोलीत आणला म्हणून लहान होत नाही. तेल तितकंच दाबलं जातं. सील, म्हणजे तेल गळू न देणारी कडी, तितकंच घासतं, उलट छोट्या सिलिंडरमध्ये ताकदीच्या मानानं जास्तच घासतं. तोच ०.१ सेकंदाचा उशीर ३ सेकंदांच्या लाटेत १२ अंशांचा होतो आणि शिल्लक हालचाल ७ ऐवजी २१ टक्क्यांवर जाते. म्हणजे छोटी रिग ही मोठ्या यंत्रणेपेक्षा कडक परीक्षक असते. रिगवर आलेला टक्का जसाच्या तसा जहाजाला लावणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकतो. रिगवरून उचलायचा तो सेकंदांत मोजलेला उशीर. टक्के नंतर त्या त्या लाटेसाठी नव्यानं काढायचे.

आता बांधायला घेऊ. एक उभी, भक्कम पोलादी चौकट. तिच्यात वर-खाली सरकणारा एक पाट, हेच आपलं ‘जहाज’. पाटावर कॉम्पेन्सेटरचा सिलिंडर आणि कप्प्या. तारेचा दोर कप्पीवरून जाऊन खाली १०० किलोचं ओझं पेलतो.

पाट हलवायला माझी पसंती विजेच्या सर्व्हो मोटरला (हुकमाप्रमाणे नेमकी फिरणारी मोटर) आणि बॉल स्क्रूला (तिचं फिरणं सरळ सरकण्यात बदलणारा स्क्रू) आहे, हायड्रॉलिकला नाही. एकाच पंपावर पाट आणि कॉम्पेन्सेटर दोन्ही चालवले, तर पाटानं तेल ओढताच कॉम्पेन्सेटरचा दाब पडतो. खरी लाट तुमच्या पंपातून ताकद घेत नाही. दोघांचा संबंध जोडला गेला की आपण लाटेची नव्हे, पंपाची चाचणी घेत बसतो. पाट दणकट हवा हेही त्याचसाठी: कॉम्पेन्सेटरनं खालून कितीही ओढाताण केली तरी पाटानं ठरलेल्या मार्गावरून तसूभर हलता कामा नये. समुद्र काही तुमच्या क्रेनकडे बघून लाट बदलत नाही.

सिलिंडर निवडताना घाईनं मोठा घेऊ नये. दोर हलत्या कप्पीवरून असा घेतला की सिलिंडर १ सेंटिमीटर सरकल्यावर ओझं २ सेंटिमीटर सरकेल, तर सिलिंडरला २० ऐवजी १० सेंटिमीटरचीच धाव पुरते. त्याबदल्यात ताकद मात्र दुप्पट लागते. १०० किलोचं वजन ९८१ न्यूटन, म्हणजे सिलिंडरवर १९६२ न्यूटन. सिलिंडरचा आतला व्यास २५ मिलिमीटर घेतला तर दट्ट्याचं क्षेत्रफळ ४.९ चौरस सेंटिमीटर आणि दाब साधारण ४० बार (१ बार म्हणजे जवळपास हवेच्या दाबाएवढा). ३ सेकंदांच्या लाटेत दट्ट्याचा सर्वांत जास्त वेग सेकंदाला १०.५ सेंटिमीटर, म्हणजे तेल लागणार मिनिटाला ३ लिटरांच्या थोडं वर. छोटासा पंप पुरतो. ४० मिलिमीटरचा सिलिंडर घेतला असता तर दाब १६ बारवर आला असता, तेल अडीचपट लागलं असतं, आणि सीलचं घर्षण त्या कमी दाबाच्या मानानं डोईजड झालं असतं. अंगापेक्षा बोंगा मोठा, असं नको.

यंत्रणेचे दोन प्रकार आहेत. पहिला निष्क्रिय: सिलिंडरमागे ॲक्युम्युलेटर, म्हणजे अर्ध्यात तेल आणि अर्ध्यात नायट्रोजन भरलेली जाड पोलादी बाटली. हा वायू मऊ स्प्रिंगसारखा वागतो. ओझं त्या स्प्रिंगवर तरंगतं आणि जहाजाची हालचाल स्प्रिंग गिळते. वीज लागत नाही, सेन्सर लागत नाही. स्प्रिंग जितकी मऊ तितकं बरं, आणि मऊपणा येतो वायूच्या आकारमानातून. आपल्या सिलिंडरला ४ लिटर वायू जोडला तर ओझ्याचा स्वतःचा झोका पावणेसात सेकंदांच्या आसपासचा होतो आणि गणितानं एक चतुर्थांश हालचाल शिल्लक राहते. १० लिटर जोडला तर शिल्लक बाराव्या हिश्श्यावर येते.

गणितानं. प्रत्यक्षात रिग सुरू केली की पहिल्याच दिवशी ओझं पाटाबरोबर मजेत वर-खाली होताना दिसतं आणि सिलिंडर ढिम्म. का? सिलिंडर सरकावा म्हणून त्याला ढकलणारं बळ येतं कुठून? ओझ्याच्या जडत्वातून. २० सेंटिमीटर हालचाल, ३ सेकंदांची लाट: प्रवेग सगळ्यात जास्त ०.४४ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणून १०० किलोला ४४ न्यूटन आणि कप्पीमुळे सिलिंडरवर ८८ न्यूटन. तेवढंच. सील आणि कप्प्यांचं एकत्रित घर्षण ८८ न्यूटनपेक्षा जास्त असेल तर सिलिंडर जागचा हलणारच नाही, मग बाटली ४ लिटरची असो की ४० ची. एवढं घर्षण साध्या बाजारी सिलिंडरमध्ये सहज असतं. म्हणून रिगसाठी कमी घर्षणाची सील, बेअरिंगवर फिरणाऱ्या मोठ्या व्यासाच्या कप्प्या आणि चांगला लवणारा दोर यांवर आधी खर्च करावा. भारी कंट्रोलर नंतर.

दुसरा प्रकार सक्रिय: सेन्सर हालचाल मोजतो, कंट्रोलर हिशेब करतो, सर्व्हो व्हॉल्व्ह तेल सोडतो, सिलिंडर सरकतो. व्यवहारात बरेचदा दोन्ही जोडून वापरतात. ओझ्याचं स्थिर वजन वायू पेलतो आणि सक्रिय भाग फक्त उरलेली हालचाल मारतो, त्यामुळे वीज कितीतरी कमी लागते.

सर्व्हो व्हॉल्व्हच्या आत स्पूल नावाची एक छोटी दांडी असते, बोटाच्या पेराएवढी. ती आपल्या नळीत काही मायक्रॉनच्या फटीवर सरकते. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या घरात, त्यावरून या फटीचा अंदाज घ्या. तेलात डोळ्याला न दिसणारा कण जरी शिरला तरी स्पूल अडखळतो. म्हणून पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यामधे बारीक फिल्टर हवा, आणि नवीन डब्यातलं तेलसुद्धा गाळूनच भरावं. सीलबंद डबा म्हणजे स्वच्छ तेल, असं नसतं. स्पूल एका जागी चिकटू नये म्हणून त्याला सतत बारीक थरथर देतात, तिला ‘डिदर’ म्हणतात. व्हॉल्व्हच्या अंगावर बोट ठेवलं तर ती मधमाशीच्या गुणगुणीसारखी जाणवते. गुणगुण थांबली तर समजावं, काहीतरी बिघडलंय.

तेल दाबलं जात नाही असं शाळेत शिकलेलं असतं. ते जवळपास खरं आहे, पूर्ण नाही. १०० बारला साधं हायड्रॉलिक तेल अर्धा-पाऊण टक्का आक्रसतं. त्यात हवा मिसळली असेल तर गोष्ट पार बदलते. उघड्यावर मोजून १ टक्का हवा तेलात अडकली असेल, तर १० बार दाबाला तेलाचा ताठपणा जवळजवळ निम्म्यावर येतो. तेलाचा खांब स्पंजासारखा होतो, कंट्रोलरनं हुकूम दिल्यावर आधी स्पंज दबतो आणि मग दट्ट्या हलतो. पुन्हा उशीर. म्हणून रिग भरल्यावर सिलिंडरच्या दोन्ही टोकांचे, हवा बाहेर सोडणारे ब्लीड स्क्रू, दाब अगदी कमी ठेवून, पाव आट्यानं सैल करायचे. आधी फुसफुस होते, मग दुधासारखा पांढरट फेस येतो, मग फेसात तेलाची धार दिसू लागते. धार अखंड आणि नितळ होईपर्यंत धीर धरावा. अर्ध्यावर आवळून टाकलेला स्क्रू पुढे आठवडाभर कंट्रोलरच्या गणितात चुका शोधायला लावतो. व्हॉल्व्ह थेट सिलिंडरच्या अंगावर बसवावा हेही याच कारणानं. मधे दोन मीटर रबरी होज टाकलात तर तो दाबाखाली फुगतो, म्हणजे आणखी एक स्पंज.

सेन्सरकडे वळू. जहाजावर जमीन नसते. ‘मी किती वर गेलो’ हे मोजायला खाली टेकवलेली पट्टी नाही. म्हणून तिथे मोशन रेफरन्स युनिट असतं. त्यात प्रवेगमापक आणि कलणं-वळणं मोजणारे जायरोस्कोप असतात. प्रवेगाची एकदा बेरीज केली की वेग, पुन्हा बेरीज केली की अंतर. पण प्रवेगमापकात गुरुत्वाकर्षणाच्या एक हजारांश भागाएवढी चूक असेल, तर एका मिनिटात ती बेरजेच्या बेरजेतून १७ मीटरांच्या वर जाते. जहाज हललेलंही नसताना! म्हणून संथ सरकणारा भाग गाळून टाकणारा फिल्टर लावतात. आणि तो फिल्टर लांब पल्ल्याच्या लाटांची वेळ थोडी पुढे-मागे करतो. रोगापेक्षा इलाज भयंकर होऊ नये एवढं सांभाळत फिल्टर जमवायचा असतो.

इथे रिग बांधणाऱ्याला एक मोह होतो. खोलीत जमीन आहे, मग पाटाची जागा सरळ लेझरनं मोजून कंट्रोलरला का देऊ नये? दिली की निकाल झकास येतो. आणि तो खोटा असतो, कारण समुद्रावर तो लेझर नसणार. कंट्रोलरला फक्त पाटावर बसवलेल्या युनिटचं ऐकू द्यायचं. जमिनीवरून पाट आणि ओझं मोजणारे सेन्सर वेगळे, ते फक्त पंच. त्यांची तार कंट्रोलरपर्यंत जाताच कामा नये. परीक्षा देणाऱ्याला उत्तरपत्रिका तपासायला देत नाहीत.

सगळ्या नोंदी एकाच घड्याळावर हव्यात. एका सेन्सरची नोंद २० मिलिसेकंद उशिरा पडत असेल, तर ३ सेकंदांच्या लाटेत तेवढ्यानं ४ टक्क्यांची नसलेली चूक दिसते, आणि ती शोधायला माणूस तेल, व्हॉल्व्ह, सील सगळं उघडून बसतो.

लाट कुठली द्यायची? आधी साधी, एकसारखी. संथ लाटेपासून सुरुवात करून हळूहळू जलद करत न्यायची आणि प्रत्येक वेगाला उशीर मोजायचा. मग खऱ्या समुद्रासारखी उलटसुलट. त्यासाठी जॉनस्वॅप नावाचं प्रमाण वापरतात. उत्तर समुद्रात जर्मनीच्या झ्युल्ट बेटाजवळ १९६८–६९ मध्ये लाटा मोजल्या गेल्या आणि १९७३ मध्ये त्यावरून हे गणित मांडलं गेलं: किती सेकंदांच्या लाटेत किती ऊर्जा असते, त्याचा आलेख. त्यातून अनेक साध्या लाटा घेऊन, वेळा विस्कटून, बेरीज केली की पाट अगदी जहाजासारखा डोलू लागतो.

जहाज फक्त वर-खाली होत नाही. कलतं, नाक मुरडतं, पुढे-मागे सरकतं. क्रेनचं टोक जहाजाच्या मध्यापासून २० मीटर दूर असेल तर नुसतं २ अंश कलण्यानं ते ७० सेंटिमीटर वर जातं. सहाही हालचाली देणारं सहा पायांचं व्यासपीठ मिळतं, स्ट्यूअर्ट प्लॅटफॉर्म म्हणून ते ओळखलं जातं. तरी पहिली रिग एकाच दिशेची असावी असं मला ठामपणे वाटतं. एका दिशेतला उशीर ज्याला कळला नाही, त्याला सहा दिशांतला कळणार नाही.

सुरक्षेबद्दल मी हात जोडून सांगेन. तेल कुठे गळतंय ते कधीही हातानं चाचपू नका. सुईच्या छिद्रातून दाबानं निघालेली तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, फारशी दुखतही नाही, पण ती तातडीच्या शस्त्रक्रियेची जखम असते. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा लांब धरून फिरवावा. ॲक्युम्युलेटरमध्ये फक्त नायट्रोजन. ऑक्सिजन भरला तर तेलाशी मिळून स्फोट होतो. पंप बंद केला तरी बाटलीतला दाब तसाच असतो, म्हणून नट सैल करण्याआधी तो सोडून प्रेशर गेजवर शून्य बघायचं. आणि ओझ्याखाली कोणीही, कधीही, क्षणभरही उभं राहायचं नाही.

चाचणीचा क्रम साधा आहे, पण पहिली पायरी बरेच जण गाळतात. सिलिंडर कुलूपबंद करून पाट हलवा. ओझं पाटाएवढंच, पूर्ण २० सेंटिमीटर हललं पाहिजे. १९ किंवा २१ दिसले तर दोर ताणतोय किंवा पंच चुकतोय. तो हिशेब मिटेपर्यंत पुढे जाऊ नये. मग निष्क्रिय, मग सक्रिय. शेवटी मुद्दाम बिघाड करायचे: मधेच सेन्सरची तार काढा, पंप बंद करा. त्या क्षणी सिलिंडर काय करतो? वीज गेल्यावर तो ओझ्यासकट घसरता कामा नये, म्हणून त्याच्या तोंडावर दाबाशिवाय न उघडणारा चेक व्हॉल्व्ह असावा.

सगळं जुळल्यावर कागदावर दोन रेघा उमटतात. पाटाची रेघ मोठ्या डोंगर-दऱ्यांची. ओझ्याची रेघ जवळपास सपाट, पण नीट पाहिलं तर प्रत्येक डोंगराच्या माथ्यावर आणि प्रत्येक दरीच्या तळाशी तिला एकेक बारीक काटा असतो. तिथे सिलिंडर दिशा बदलतो, क्षणभर थांबतो, घर्षण उलट्या बाजूला वळतं आणि तेवढ्या क्षणात ओझं निसटतं. सरासरी काढली तर हे काटे दिसेनासे होतात, म्हणून सरासरीबरोबर सगळ्यात मोठ्या काट्याची उंचीही लिहायची. चौकटीवर यंत्र टेकतं तेव्हा आदळतो तो काटाच.